दोणीतलं दूध

गुरांचे डॉक्टर मोटारसायकलला किक मारून बेड्याबाहेर गेले, तरी काकी खळ्यातच उभी होती. एका हातात गोळ्यांची पट्टी, दुसऱ्या हातात दुधाचा पेला. तिचा कुत्रा राजा माडाच्या आळ्यातल्या ओल्या मातीत पोट टेकून पडला होता. गोचिडांचा ताप. हिरड्यांचा रंग उतरलेला, डोळ्यांत चिकटा, आणि एरवी पोस्टमनची सायकल वळणावर आली की उठणारा तो, शेजारून माणूस गेला तरी कान हलवत नव्हता. डॉक्टरांनी आधीच्या खेपेला गोळ्या दिल्या होत्या आणि काकी त्या न चुकता दुधात विरघळवून त्याला पाजत होती. कडू औषध दुधातून द्यायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. आमच्या घरातल्या सगळ्या पोरांची दुखणी तिने अशीच काढली. आज डॉक्टर म्हणाले, "या गोळ्या दुधातून देऊ नका हां. आणि सध्या दूध बंदच ठेवा." आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. चहा नको म्हणाले, आणि पुढच्या वाडीत कुणाची म्हैस अडली होती तिकडे निघाले. काकी बराच वेळ गप्प होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी दूध घालतंय तेका, इख नाय."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. त्यातला राग डॉक्टरांवरचा नव्हता. घरात देण्यासारखं जे सगळ्यात चांगलं होतं, तेच कुणीतरी हातातून काढून घेतलं, असा तो सूर होता. कुत्र्याला दूध चालतं की नाही, हा प्रश्न तसा दोन ओळींत संपावा. मला मात्र त्याच्या मागे जाताना आमच्या घरातल्या दुधाचीच सगळी गोष्ट आठवत गेली.

कोकणात दुधाची कधी चंगळ नव्हती. आमच्या गोठ्यात होत्या त्या गावठी गायी. बुटक्या, काटक, तांबूस नाहीतर काळ्या, दिवसभर सड्यावर चरून संध्याकाळी आपल्या पायांनी परत येणाऱ्या. आता त्यांची 'कोकण कपिला' म्हणून स्वतंत्र जात नोंदली गेली आहे, ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण त्यांचं दूध म्हणजे तांब्याचा तळ झाकेल एवढंच. आजी धार काढायला बसली की आधी वासराला मनसोक्त पिऊ द्यायची. आम्ही पोरं घाई करायला लागलो की म्हणायची, "आदी वासराक, मगे माणसांक." जे निघेल त्यातलं चहापुरतं बाजूला, कुणी आजारी असेल तर त्याच्यासाठी पेलाभर, आणि राहिलेल्याला विरजण. दही घुसळलं की लोणी, लोण्याचं तूप, आणि तुपाची बरणी कपाटात, कुलपाच्या मागे. ताक मात्र सगळ्यांचं. तेव्हाच्या आमच्या कुत्र्याची, वाघ्याची, दगडी दोण मागीलदारी पाणचुलीजवळ होती. तीत उकड्या तांदळाची पेज, त्यात कालवणातून बाजूला काढलेलं बांगड्याचं डोकं, आणि चैत्र-वैशाखात वरून पाणीदार ताक. ताक पडलं की पेजेवर एक आंबूस वास यायचा, तो मला अजून नाकात जाणवतो. दोण चाटून झाल्यावर वाघ्या तिच्याच शेजारी, ओल्या जमिनीवर, पाय ताणून झोपायचा. दूध त्याच्या वाट्याला येणंच शक्य नव्हतं.

आता कळतं की वाघ्याच्या पोटाला तेच सोसणारं होतं. पिल्लू आईला पितं तेव्हा त्याच्या लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एक विकर भरपूर तयार होतं, दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडून पचवण्यासाठी. तीन-चार आठवड्यांचं झालं की पिल्लू आईच्या ताटातलं हुंगायला लागतं, सहा ते आठ आठवड्यांत अंगावरचं पिणं सुटतं, आणि मग हे विकरही हळूहळू कमी होत जातं. मोठ्या कुत्र्यात ते किती शिल्लक राहील याला नियम नाही. एखाद्याला पेलाभर दूध सहज पचतं, एखाद्याला पळीभर सोसत नाही. न पचलेली साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, स्वतःकडे पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू तिला आंबवतात, आणि पोटात गुरगुर, वारा, पातळ शी सुरू होते. आपल्यातल्या कितीतरी माणसांचं असंच होतं. चहातलं दूध चालतं, नुसता पेला प्यायला की पोट बिघडतं. विरजणातले जिवाणू या साखरेचा काही भाग आधीच खाऊन टाकतात, म्हणून दही दुधापेक्षा हलकं, आणि पाणी घालून केलेलं ताक त्याहून हलकं. मिठाशिवायचं, फोडणीशिवायचं, हे अर्थात धरून.

पेजेचंही तसंच. २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं. पिठूळ अन्न पचवणारं जे विकर असतं, त्याच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, असं त्यात दाखवलं होतं. माणसाच्या शेतीच्या कडेला, त्याच्या खरकट्यावर राहता राहता कुत्र्याचं पोट भाताला, भाकरीला सरावत गेलं. ते वाचताना मला वाघ्याची दोणच दिसत होती.

आजीने हे ठरवून केलं नव्हतं. घरात दूधच नव्हतं.

आता आहे. कोल्हापूरकडून घाट उतरून पहाटेच गाड्या येतात, आणि तिठ्यावरच्या दुकानात उजाडायच्या आत पिशव्यांचे क्रेट लागलेले असतात. काकीचा गोठा रिकामा आहे. दावणीच्या खुंट्यांना आता सायकल आणि जाळी अडकवलेली असते. मुलं मुंबईला, काका जाऊन बरीच वर्षं झाली. पिशवी अर्ध्या लिटरची, आणि माणूस एक. तिच्या दोन वेळच्या चहाला लागेल ते बाजूला ठेवून उरलेलं दूध ती कोमट करते आणि संध्याकाळी दिवा लावून झाला की राजाच्या पुढ्यात ठेवते. त्या वेळी ती त्याच्याशी बोलते. कुणाचा फोन आला, कुणाचा नाही आला, माडावरून नारळ पाडायला माणूस मिळत नाही, सगळं. तो लपालप पितो आणि मधूनच मान वर करून बघतो. मी कितीदा उंबऱ्यावर बसून हे पाहिलंय. ज्या घरात दूध मोजून घेतलं जायचं तिथे वाढलेली ही बाई. दुधाने भरलेला पेला कुणापुढे तरी ठेवता येणं तिच्यासाठी साधं सुख नाही. राजाचं पोट मात्र सतत बिघडलेलं असायचं. खळ्याच्या कडेला राख टाकून ते आवरताना काकी म्हणायची, उष्णता झालीय. उष्णतेवर उपाय म्हणून पुन्हा थंड दूध.

गोळ्यांचं कारण वेगळं होतं आणि ते मला जास्त लागलं. गोचिडांच्या तापावर कुत्र्यांना बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिन देतात. या कुळातल्या औषधांना कॅल्शियम धरून ठेवतं. गोळी पोटात जाते, पण दूध-दह्याबरोबर दिली तर रक्तात उतरायला हवी तेवढी उतरत नाही. म्हणजे काकी रोज उन्हातून जाऊन दूध आणत होती, गोळी कुस्करून, ढवळून, त्याच्या मानेवर हात ठेवून पाजत होती, आणि त्याच दुधामुळे औषधाचा जोर कमी पडत होता. हे तिला माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. पट्टीवरची अक्षरं इंग्रजी, मुंगीएवढी. चिठ्ठीवर सकाळ-संध्याकाळच्या खुणा. माझं स्पष्ट मत आहे की ज्या औषधाचं दुधाशी पटत नाही त्याच्या पाकिटावर तसं ठळक मराठीत लिहिलेलं असलं पाहिजे. आमच्या मुलखात औषध घेणारं जनावर असो की माणूस, घोट दुधाचाच असतो.

मी तिला सांगितलं, गोळी भाताच्या मुटक्यात घाल, वर थोडं पाणी पाज, म्हणजे घशात चिकटायची नाही. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मगे तेका देऊ काय? पोटात कायतरी नरम जावक होया मां."

या प्रश्नाला औषधाच्या दुकानात उत्तर नसतं. मऊ भात, उकडलेल्या माशाचा काटे काढलेला गर, भोपळ्याची फोड, हे सगळं मी सांगितलं, आणि तिने तसं केलंही. पण तिला विचारायचं होतं ते मला कळत होतं. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्याच्यासमोर काय घेऊन बसू?

हल्ली आमच्या किनाऱ्यावर कुत्र्यांना भरवणारे हात वाढलेत. तारकर्लीला, भोगव्याला सुट्टीच्या दिवसांत गेलं की दिसतं, माणसं खरंच मायेने भरवतात. आइस्क्रीमचा शेवटचा घास, मिल्कशेकचा उरलेला पेला, पनीरच्या भाजीतले तुकडे, पोराच्या सँडविचमधलं चीज. वाळूतली ती तांबडी-पांढरी कुत्री शेपूट हलवत प्रत्येक टेबलापाशी जातात. त्या मायेबद्दल मला शंका नाही. पण पनीर स्वतः सोसणारं असलं, पाणी निथळून गेल्यामुळे त्यात साखर थोडीच उरते, तरी ज्या मसाल्यात ते शिजलंय त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. चीजमध्ये मीठ. चॉकलेटच्या आइस्क्रीममध्ये थिओब्रोमीन, ते कुत्र्याच्या अंगातून फार सावकाश बाहेर पडतं आणि हृदयावर ताण आणतं. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितका धोका जास्त. बिनसाखरेचं म्हणून जे मिळतं त्यात साखरेऐवजी घातलेलं झायलिटॉल असेल तर थोडंसंही बाधायला पुरतं. रक्तातली साखर झपकन खाली जाते, यकृत निकामी होऊ शकतं. एका संध्याकाळी एका शाळकरी मुलीला मी म्हटलं, बाळा, चॉकलेट नको देऊस त्याला. तिने लगेच हात मागे घेतला आणि कुत्र्याला पाण्याची बाटली ओंजळीत ओतून पाजली. त्या कुत्र्याला खरोखर पाणीच हवं होतं. दिवसभर खाऱ्या लाटांच्या कडेला राहणाऱ्या या जिवांना गोडं पाणी कुणी ठेवत नाही, आणि समुद्राचं पाणी प्यायलं की त्यांचं पोट वेगळंच बिघडतं.

घरच्या गोडाधोडाचं तर बोलायलाच हवं. पाडव्याला, दसऱ्याला श्रीखंडाचं भांडं कुत्र्याला चाटायला ठेवणं ही आपल्याकडे लाडाची पद्धत. चक्का टांगून ठेवलेला असतो, त्यातलं पाणी गळून गेलेलं असतं, तेवढ्यापुरता तो दुधापेक्षा बरा. पण त्यात साखर जवळजवळ बरोबरीने, वरून जायफळ, आणि बऱ्याच घरांत बेदाणे. जायफळ कुत्र्याला जास्त प्रमाणात बाधतं. बेदाण्यांचं तर प्रमाणच सांगता येत नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोडक्यातही बंद पडतात. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होत असावं असं पशुवैद्यकांना आता वाटतं, आणि हे आम्ल चिंचेतही असतं. तुपात साखर नसते, पण ते निव्वळ स्निग्ध. बोटभर तूप भातावरून गेलं तर धडधाकट कुत्र्याचं काही बिघडत नाही. सणाच्या दिवशी तुपात माखलेलं पुरण, बासुंदीची खरड, मोदकाचं उरलेलं असं सगळं एकदम पोटात गेलं, तर मात्र स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग कुत्रं ओकत राहतं, आणि पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर धरून तसंच थांबतं. नमस्कार घालतंय असं कुणालाही वाटेल. ती कळ असते. असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट डॉक्टर गाठावा.

आणि पिल्लं. श्रावणात एका मांगरात, गवताच्या भाऱ्यामागे आम्हाला सापडली होती. आई रस्त्यावर गाडीखाली गेलेली. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की त्यांचं कुईकुई जवळ गेल्याशिवाय ऐकू आलं नाही. आधी कुणीतरी मायाळू माणसाने येऊन पाणी घातलेलं गायीचं दूध वाटीत ठेवलेलं, त्यावर मुंग्या. पिल्लांची पोटं तटतटलेली आणि शेपटीखाली सगळं ओलं. पिल्लाला दूध पचतं ही गोष्ट खरी, पण ते त्याच्या आईचं. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश साधारण ९ टक्के, प्रथिनं ७ ते ८ टक्के आणि साखर ३.५ टक्क्यांच्या आसपास. गायीच्या दुधात साखर जवळजवळ ५ टक्के, प्रथिनं त्याच्या निम्म्याहून कमी. वर आपण पाणी घातलं की पिल्लाला हवं ते आणखी पातळ होतं. माझी पुतणी तेव्हा कॉलेजात होती, तिने रात्री जागून काढल्या. तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी ऊब, मग अन्न, गार पडलेल्या पिल्लाला काहीच पचत नाही. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी तिने कुडाळहून आणली. दर दोन-तीन तासांनी, पिल्लू उताणं न धरता पोटावर ठेवून, थेंब थेंब. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली पुसायचं, आई जिभेने करते तसं, त्याशिवाय त्यांना शी-सू होत नाही. सगळी जगली नाहीत. जगलेल्यांतला एक म्हणजे हा राजा.

म्हणून काकीचं त्याच्यावर असं आहे. सुतळीने बांधलेल्या खोक्यातून तो तिच्या घरात आला, तेव्हा तिच्या तळहातात मावत होता.

आपल्या मनात कुत्रा आणि तूप कुणी घट्ट बांधून ठेवलंय, हे मराठी माणसाला सांगायला नको. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत. ही गोष्ट मी लहानपणी आजीकडून ऐकली, आणि दरवेळी माझ्या डोळ्यांसमोर आमचंच कपाट यायचं, कुलपाच्या मागची बरणी. आजीच्या आवाजात तो भाग आला की एक कापरेपणा यायचा. जे घरात सगळ्यात जपून ठेवलेलं, ते घेऊन कुणीतरी मुक्या जिवामागे धावतंय. मला ती गोष्ट आजही तितकीच प्रिय आहे. पंढरपूरच्या त्या वाटीत चार थेंब होते की पळीभर, हे विचारण्याची ती जागाच नाही. पण आमच्या माणगावला, टेंबे स्वामींच्या गावी, दत्ताच्या पायाशी बसलेले ते चार कुत्रे पाहून बाहेर आल्यावर कुणी पिशवीतले पेढे दारातल्या कुत्र्यापुढे ओतायला लागलं, तर मी आता पुढे होऊन थांबवते. एक दे, बाकीचे घरी ने, त्याच्यासाठी पोळी आण. लोक वाईट मानत नाहीत. नागपंचमीचं नाही का आपण बदललं? साप दूध पीत नाही, त्याला ते बाधतं, हे सर्पमित्रांनी वाड्यावाड्यांतून सांगितलं, आणि आता आमच्याकडे मातीच्या नागापुढेच दूध-लाह्या ठेवतात. नागावरची श्रद्धा त्यामुळे कणभर कमी झालेली मला दिसली नाही.

राजा सावरला. औषध पुरं व्हायला बरेच दिवस लागले. गोचीड काढायला काकी दुपारी चष्मा लावून त्याला घेऊन बसायची आणि एकेक वेचून रॉकेलच्या वाटीत टाकायची. संध्याकाळच्या वेळेचा तिढा तिचा तिनेच सोडवला. पिशवीतलं उरलेलं दूध ती आता विरजते. दुसऱ्या दिवशी रवीने घुसळते, एका माणसापुरती रवी घुसळायला तिला पुन्हा बरं वाटतं असं म्हणाली. राजाला गोळ्या चालू होत्या तोवर तेही नाही. नंतर हळूहळू, चमचाभर दही पाण्यात मोडून भातावर. पहिल्या दिवशी तिने सकाळी उठून खळ्याच्या कडेला जाऊन आधी त्याची शी बघितली आणि मग मला फोन केला. बांधून झालेली होती. त्या फोनवरचा तिचा आवाज मी डॉक्टरांना ऐकवायला हवा होता.

भाद्रपदात काकांचा म्हाळ होता. आंबोशीची कढी, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, नारळाच्या रसातली तांदळाची खीर. कावळ्याचं पान, गायीचं पान, आणि तिसरं कुत्र्याचं, ते दरवर्षी राजाच्या पुढ्यात जातं. पान वाढताना काकीचा डाव खिरीच्या टोपावर थांबला. खिरीत बेदाणे होते. मुंबईहून आलेली सून म्हणाली, चमच्याने काय होतंय, पितरांचं आहे, नाही म्हणू नये. तिचंही अगदीच चुकीचं नव्हतं. बेदाणे वेचून काढले असते तर चमचाभर खिरीने धडधाकट कुत्र्याला काही झालंही नसतं. मी दोघींच्या मधे काही बोलले नाही. काकीने डाव टोपात परत ठेवला, पानावर भात वाढला, त्यावर मीठ न घातलेलं वरण, कडेला दह्याची बोटभर कवडी, आणि पान उचलता उचलता सुनेला म्हणाली, "ह्या वर्सा नको. फुडल्या वर्सा बघूया, बेदाणे न घालता."